वडूरची वेस पोचवायला जाते

पाहुणा 'येतो' न म्हणता निघाला, तर कसबे वडूरच्या जुन्या पेठेची दगडी वेस त्याला पोचवायला जाते. यात वडूरकरांना कधी काही वावगं वाटलेलं नाही. 'येतो' म्हणणाऱ्याला काय पोचवायचं? तो येणारच आहे. पण जो नुसताच पाठ फिरवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चक्क 'जातो' म्हणतो, त्याला चार पावलं तरी सोडायला कुणीतरी जायला हवं. एवढी रीत वेशीला कळते. माणसांना ती अलीकडे कळेनाशी झाली आहे, तो भाग वेगळा.

वेस चालते ती डावा बुरूज आधी टाकून. मग उजवा. मधली कमान जराशी कुरकुरते, वरची कबुतरं उडून पुन्हा बसतात, आणि रस्त्यावरची माणसं बाजूला होतात. बहुतेक वेळा हे सगळं एस.टी. स्टँडपर्यंतच चालतं. पाहुणा गाडीत बसतो, खिडकीतून हात हलवून 'या आता तुम्ही' म्हणतो, आणि वेस मागे फिरते. दिवेलागणीच्या आत ती आपल्या जागेवर असते.

आता, वेस पोचवते ती पाहुण्यालाच, गिऱ्हाईकाला नाही. पेठेतल्या संग्रहालयाला तिकीट आहे. तिथून निघालेल्या माणसाकडे ती ढुंकूनही बघत नाही. पैसे टाकले, बघितलं, मिटलं. पण नगरपरिषदेची मोफत पायी दर्शन फेरी आहे ना, दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी वेशीपासून निघून वेशीशीच संपणारी, तिच्यातलं प्रत्येक माणूस पायी येतं आणि फुकट बघतं. म्हणजे ते पाहुणाच झालं.

या फेरीची गाईड म्हणजे वैजयंता गुरव. सगळे तिला वैजूताई म्हणत. दगडी हौद, नगारखाना, बारव, तालीम हे सगळं दाखवायचं, त्यांच्या गोष्टी सांगायच्या, आणि शेवटी वेशीखाली उभं राहून प्रत्येकाच्या तोंडून 'येतो' वदवून घ्यायचं, हे तिचं काम. शाळेची सहल असली तर पोरं एका सुरात ओरडत. एका परदेशी जोडप्याला, त्यानं 'येतो' आणि तिनं 'येते' म्हणायचं, हे शिकवण्यात त्यांची गाडी चुकली होती. पण वेस जागची हलली नव्हती, आणि वैजयंतानं ते आपल्या कामाचं चीज समजलं होतं.

अशा एका गुरुवारी सांगलीहून हर्डीकर नावाचे गृहस्थ फेरीला आले. अच्युत हर्डीकर. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, सडपातळ, हातात काळी छत्री. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, छत्री होती.

फेरीभर त्यांनी वैजयंताला सळो की पळो करून सोडलं. नगारखान्यापाशी ती नेहमीसारखी म्हणाली, "इथला नगारा पाच कोसांवर ऐकू जायचा." हर्डीकरांनी मागून विचारलं, "कुणी ऐकला?" बारवेपाशी ती म्हणाली, "हिचा तळ अजून कुणाला लागलेला नाही." हर्डीकर म्हणाले, "दोरी सोडून बघितली का?" पण स्वभावानं खाष्ट नव्हते ते. बारवेच्या पायरीवर बराच वेळ बसले, खाली बघत राहिले, आणि उठताना म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे." त्यांच्या हिशेबी ही फार मोठी तारीफ होती, हे वैजयंताला मागाहून कळलं.

फेरी संपली. वेशीखाली सगळ्यांनी 'येतो', 'येते' म्हटलं. हर्डीकर गप्प.

"काका, येतो म्हणा," वैजयंता म्हणाली.

"कशाला?"

"निघताना म्हणतात ना."

"पण मी येणार नाहीये."

"न का येईनात. नुसतं म्हणायचं हो."

"न येणाऱ्या माणसानं येतो म्हणायचं?" हर्डीकरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "बाई, मी उभा जन्म लोकांच्या तागड्या तपासल्या. किलोच्या मापात किलोच मावला पाहिजे. माझे गुडघे बघा, वय बघा. वडूर बघायचं होतं, बघून झालं. मी जातो."

"अहो काका, शुभ बोला!"

"यात अशुभ काय? मी सांगलीला जातो."

आणि ते गेले. वैजयंतानं वर बघितलं. डावा बुरूज उचललेला होता.

स्टँडवर हर्डीकर सांगलीच्या गाडीत खिडकीशी बसले. वेस समोर उभी. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिनं त्यांच्याकडे. बोलण्यासारखं त्यांना काही सुचलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत. गाडी सुटली आणि वेस गाडीमागे निघाली. गाडी वडूर आगाराची असल्यामुळे तिला फारशी घाई करावी लागली नाही.

संध्याकाळी वेस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

वेस नसली की गावाचं काय होतं, हे वडूरला पहिल्यांदाच कळलं. उसाचे ट्रॅक्टर थेट पेठेत शिरायला लागले. वेशीबाहेर राहणारे लोक आपण आता आतलेच झालो म्हणून तालमीच्या नळावर हक्क सांगायला लागले. नव्या नवरीवरून वेशीत भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय तिला आत घ्यायची पद्धत नाही. त्यामुळे धुमाळांची नवी सून रसवंतीच्या मांडवात बसून राहिली आणि दीर तिला दोन्ही वेळचा डबा नेऊन देऊ लागला. शेजारच्या दोन भावांचं शेताच्या बांधावरून जोरात भांडण चाललं होतं. धाकटा म्हणाला, "तुझी अब्रू वेशीवर टांगतो की नाही बघ!" मग दोघांनीही तिकडे बघितलं. टांगायला वेसच नव्हती. भांडण तिथंच थांबलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

शनिवारी मुख्याधिकाऱ्यांनी वैजयंताला केबिनमध्ये बोलावलं. मुख्याधिकारी शांत माणूस. तिथं नगरसेवक संपतराव बोंद्रे आधीच बसलेले होते.

"वेस विनापरवानगी मुख्यालय सोडून गेलेली आहे," मुख्याधिकारी म्हणाले.

"पोचवायला गेलीय साहेब," वैजयंता म्हणाली.

"पोचवण्याची हद्द एस.टी. स्टँडपर्यंत. त्याच्यापुढं तो दौरा होतो. दौऱ्याला मंजुरी लागते."

"गेली ती गेली," बोंद्रे म्हणाले. "मी तर म्हणतो बरं झालं. रस्ता कसा ऐसपैस झाला! तिच्या जागी फायबरची स्वागत कमान बसवू. कुठं जात नाही, येत नाही, वर फोटो लावता येतात. आणि ती फुकटची फेरी बंद करा. तिकीट लावा. फुकट बघू देता म्हणून हे पाहुणचाराचं लोढणं गळ्यात पडतंय."

"सोमवारी दुपारी सर्वसाधारण सभा आहे," मुख्याधिकारी वैजयंताला म्हणाले. "तोवर वेस आली तर प्रश्न नाही. नाही आली तर जागा रिकामी समजून कमानीचा ठराव घ्यावा लागेल. मग ती परत आली तरी तिला उभं राहायला जागा नसेल. त्या गृहस्थांना 'येतो' म्हणायला लावणं तुमचं काम होतं, गुरवबाई."

वैजयंताला रडू आलं. तिनं ते साहेबांच्या समोरच येऊ दिलं. तिचे वडील रोज संध्याकाळी वेशीतल्या देवडीत दिवा लावत. पहारेकऱ्यांना बसायला भिंतीत केलेला तो कोनाडा, त्यातच बसून ती अ आ इ शिकली होती. सासरी गेली ती त्या कमानीखालून, आणि नवरा वारल्यावर परत आली तीही तिथूनच. वेस म्हणजे तिच्या लेखी घरचं माणूस होतं. घरचं माणूस परत यावं आणि त्याच्या जागी बोंद्र्यांचा फोटो असावा, हे तिला सोसणारं नव्हतं.

रविवारची फेरी तिनं कशीबशी उरकली. सुरुवात कुठून करायची, हेच कुणाला कळत नव्हतं. मग ती सांगलीच्या गाडीत बसली.

सांगलीत तिला फार शोधावं लागलं नाही. गावाची वेस कुठं गेली म्हणून विचारलं की लोक हात करून दाखवत होते. विश्रामबागेतल्या एका गल्लीत 'समाधान अपार्टमेंट' नावाची तीन मजली इमारत होती आणि तिच्या लोखंडी गेटासमोर वडूरची वेस उभी होती. वैजयंतानं तिच्या दगडावर हात ठेवला. दगड कोमट होता.

"ही तुमची काय ओ?" सोसायटीचे सेक्रेटरी मगदूम लुंगीवरच बाहेर आले. "माझी तक्रार नाही हां. माणूस, म्हणजे वेस, चांगली हाय. भाजीवाली सावलीला बसती, पोरं क्रिकेट खेळत्यात. पण घरी पाहुणा आला तर सोसायटीला सांगायचं असतंय का नाही? हर्डीकर म्हणत्यात, माझ्याकडं कुणी आलेलं नाही, ती पोचवायला आलीय. आता पोचवायला आलेलं माणूस तीन-तीन दिवस राहतंय व्हय?"

हर्डीकर दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. त्यांच्या गॅलरीसमोरच कमानीचा माथा आला होता. कठड्यावर बाजरी सांडलेली होती आणि वडूरची कबुतरं ती टिपत होती. हर्डीकरांनी चहा केला. साखर चमच्यानं सपाट करून घातली.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी तिला रोज सांगतो, जा म्हणून. सकाळी सांगतो, संध्याकाळी सांगतो. स्पष्ट मराठीत."

"'जा' म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"अगं बाई!" वैजयंतानं कपाळाला हात लावला. "पोचवायला आलेल्याला कुणी जा म्हणतं का हो? हाकलल्यासारखं! म्हणून हटून बसलीय ती. 'या' म्हणायचं. 'या आता तुम्ही.'"

"या म्हणजे इकडे या."

"नाही हो काका. या म्हणजे जा."

हर्डीकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "या म्हणजे जा. आणि त्या दिवशी तुम्ही सांगत होता, येतो म्हणजे जातो. बाई, तुमच्या गावच्या तराजूत काहीतरी खोट आहे."

"आमच्याच गावच्या नाही. सगळ्या मराठी मुलखात असंच बोलतात."

"बोलत असतील. असल्या तराजूवर मी शिक्का मारणार नाही."

वैजयंतानं पदर खोचून समजूत काढली. उद्या सभा आहे म्हणून सांगितलं, कमानीचं सांगितलं, धुमाळांची सून मांडवात बसलीय तेही सांगितलं. हर्डीकर सगळं नीट ऐकून घेत आणि मान हलवत. सुनेचं ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण 'या' काही म्हणेनात. शेवटी तिचा बांध फुटला.

"एक अक्षर हो! एका अक्षरानं तुमचं काय जातंय? आमच्या गावाची वेस जातेय, माझं आख्खं माहेर जातंय, आणि तुम्ही मापं काढत बसलाय!"

हर्डीकर उठून गॅलरीत गेले.

"निरीक्षकाला पोचवायला कुणी येत नाही, बाई," ते म्हणाले. "मी दुकानातून बाहेर पडलो की लोक म्हणायचे, सुटलो. मला ऐकू यायचं. त्यांचंही चुकत नव्हतं. बायको होती तोवर ती जिन्यापर्यंत यायची. ती गेल्यावर मी निघालो काय आणि आलो काय, कुलूप माझं मीच लावतो. त्या दिवशी गाडी सुटली, तर ही मागं. मला वाटलं, नाक्यावरून फिरेल. नाही फिरली. मग वाटलं, टोलला तरी थांबेल. मी सारखा मागच्या काचेतून बघत होतो. कंडक्टर म्हणाला, काका, मान अवघडेल. घरापर्यंत आली ती." त्यांनी कठड्यावर आणखी मूठभर बाजरी टाकली.

"मग तिला रोज जा का म्हणता?"

"तिचं काम तिकडं आहे. मला काय वाटतं तो प्रश्न वेगळा. खरं असेल ते बोललं पाहिजे."

या माणसाला 'या' म्हणायला लावणं म्हणजे त्याच्याच तोंडून त्याच्या एकुलत्या एका पाहुण्याला घालवणं होतं. आणि न लावावं तर सोमवारी कमान उभी राहणार. तिनं थंड झालेला चहा संपवला. कप धुऊन पालथा घातला. आणि तो पालथा घालताना तिला सुचलं.

"काका, पोचवायला आलेल्याला आपणही चार पावलं पोचवायला जातो की नाही?"

"जातात. आमचे वडील आणि त्यांचे मित्र एकमेकांना पोचवत चौकात तासन् तास घालवायचे."

"मग चला. चार पावलं पोचवा तिला."

हर्डीकर सावध झाले. "पोचवायला जाणं म्हणजे पोचवायला जाणंच ना? त्याचा आणखी काही भलताच अर्थ नाही?"

"नाही, काका. देवाशपथ नाही."

त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी उलटून बघितलं. कुठं कमी भरेना. मग त्यांनी छत्री घेतली.

वैजयंता रात्री मगदूमांच्या बायकोकडे टेकली. सोमवारी पहाटे तिघं निघाले. हर्डीकर जिना उतरून वेशीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चला, मी तुम्हाला पोचवायला येतो." हे बोलून ते स्वतःच दचकले. पण खरोखरच ते यायला निघालेले असल्यामुळे त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. वेशीनं डावा बुरूज उचलला.

चौकापर्यंत ते चालले. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा वैजयंतानं त्यांना देवडीत बसवलं आणि समोरच्या देवडीत ती बसली. टोलनाक्यावर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "किती चाकं?" वैजयंता म्हणाली, "चाकं नाहीत, पायी चाललोय." त्यानं बाहेर वाकून बघितलं आणि मग हात केला, जावा म्हणून. मागचे दोन ट्रक घाईघाईनं वेशीतून पुढं निघून गेले, त्यांना मात्र त्यानं शिट्टी मारून थांबवलं.

वडूर दिसायला लागलं तसे हर्डीकर देवडीतून उतरले. पोचवायला आलेल्यानं बसून जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. बोंद्र्यांच्या माणसांनी वेशीच्या जागी दोन खड्डे आधीच खणून ठेवले होते आणि वर बांबू रोवायची तयारी चालली होती. त्यांनी मान वर केली, आणि कुदळी तिथंच टाकून बाजूला झाले. वेस खड्ड्यांवरच उभी राहिली. खड्डे बुजले. धुमाळांची सून आत आली, ट्रॅक्टर बाहेर राहिले, आणि वेशीबाहेरचे लोक पुन्हा वेशीबाहेरचे झाले, त्याबद्दल ते थोडा वेळ कुरकुरले. वैजयंतानं भर रस्त्यात वेशीच्या दगडाला गाल लावला. लोक बघत होते, बघू देत.

सभेत मुख्याधिकाऱ्यांनी हर्डीकरांचे आभार मानले. हर्डीकर म्हणाले, "आभार कसले? मी तिला पोचवायला आलो. ती पोचली. आता मी जातो."

सभागृहात एकदम कल्ला झाला. "अहो, येतो म्हणा!" अध्यक्षसुद्धा उभे राहिले.

"पुन्हा येईन, असं मला आज सांगता येत नाही," हर्डीकर म्हणाले. "आज इथं असेन, असं मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. जे सांगता येत नाही ते मी सांगणार नाही."

खिडकीतून सगळ्यांनी बाहेर बघितलं. बुरूज उचललेला होता.

"थांबा," मुख्याधिकारी म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "समजा वेस यांना पोचवायला सांगलीला गेली. तर मग हर्डीकरसाहेब, तुम्ही काय कराल?"

"तिला पोचवायला वडूरपर्यंत जावं लागेल. ती एवढ्या लांब आल्यावर तेवढं तरी केलं पाहिजे."

"आणि इथून निघताना?"

"जातो म्हणेन."

"म्हणजे ती पुन्हा पोचवायला जाईल."

"ते तिच्याकडे."

मुख्याधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. वेशीच्या सांगली दौऱ्याला कायम मंजुरी देण्याचा ठराव एकमतानं झाला. अट एकच, गुरुवारी आणि रविवारी सकाळी फेरीच्या आधी तिनं जागेवर हजर असावं. बोंद्र्यांनी हात वर केला तो विरोधासाठी, पण तो मोजताना बाजूनं धरला गेला. त्यांची कमान पुढं एस.टी. स्टँडवर लागली. ती कुठंही जात नाही.

तेव्हापासून तसं सुरू झालं. फेरी संपली की हर्डीकर 'जातो' म्हणत आणि वेस त्यांना सांगलीला पोचवी. पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी हर्डीकर तिला वडूरला पोचवत. रात्री ते तालमीतल्या खोलीत मुक्काम करत आणि सकाळी फेरीत सगळ्यांच्या मागं छत्री घेऊन चालत. वैजयंता आता म्हणे, "इथला नगारा पाच कोसांवर ऐकू जायचा, असं म्हणतात." मग हर्डीकर मागून मान डोलावत. बारवेपाशी एकदा त्यांनी खरंच दोरी सोडली. तळ लागला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, वैजयंतालाही नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमचं वाक्य चांगलं आहे, राहू दे." त्यांच्या तोंडून हे ऐकून तिला काय वाटलं, ते सांगायला नको.

समाधान अपार्टमेंटच्या वार्षिक सभेत वेशीला गेटासमोरची जागा रीतसर मिळाली. मगदूमांच्या बायकोनं देवडीत जाडसर गादी शिवून टाकली. पुढं पुढं हर्डीकर चौकापर्यंतही चालेनासे झाले. वेस गेटाला अगदी टेकून उभी राही आणि मगदूम त्यांना जिन्यावरून उतरवून अलगद देवडीत बसवून देत. वडूर आलं की मात्र ते हट्टानं खाली उतरत. शेवटची चार पावलं वैजयंता त्यांचा दंड धरी. लोक वैजयंताला म्हणत, हा म्हातारा येणार नाही म्हणतो आणि न चुकता येतो. ती म्हणे, "तो येत नाही. पोचवतो."

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी संध्याकाळी वेस आली नाही. वैजयंता स्टँडपर्यंत जाऊन बघून आली. कधी कधी रस्त्याला गर्दी असते, असं तिनं स्वतःलाच सांगितलं.

गुरुवारी सकाळी फेरीला आलेली माणसं जमली, रात्रभर वेस नाही म्हणून मुख्याधिकारी आणि बोंद्रेही येऊन उभे राहिले, आणि मग वेस आली. एकटीच. दोन्ही देवड्या रिकाम्या होत्या. ती आपल्या जागेपर्यंत आली आणि तिथंच, अलीकडे, रस्त्यावर थांबली. आत काही येईना.

"साहेब, हिला जागेवर उभी राहायला सांगा," बोंद्रे म्हणाले. "लोक खोळंबलेत."

मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. वैजयंता पुढं झाली. दोन्ही बुरुजांच्या पायाला नदीकाठची ओली माती लागली होती आणि मातीवर राख चिकटली होती. तिनं देवडीतल्या गादीवरून हात फिरवला, आणि मग वेशीला विचारलं, "नीट पोचवलंस ना गं?"

वेस बोलत नाही. ती तशीच उभी राहिली.

तेव्हा वैजयंताला कळलं, ती का थांबली आहे ते. स्मशानातून आलेलं माणूस पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नाही. वैजयंता बारवेवर गेली. घागर भरून आणली, आणि वेशीच्या डाव्या पायावर पाणी घातलं. तेवढं पुरेना, म्हणून दुसरी घागर आणून उजव्या पायावर घातलं. मुख्याधिकाऱ्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. बोंद्र्यांनीही काढल्या.

मग वेस आत आली आणि आपल्या जागी उभी राहिली. वैजयंतानं पदरानं डोळे पुसले, जमलेल्या पाहुण्यांकडे वळली आणि म्हणाली, "चला." त्या दिवशी फेरी थोडी उशिरा सुरू झाली.